‘कुंग नाही’ हे उत्तर खरं होतं : चियांग माईतल्या स्वयंपाकाच्या क्लासचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबरात आम्ही चौघं थायलंडमध्ये चियांग माईला गेलो होतो. मी, माझी ताई, भाऊजी आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी. भाचीनं या सहलीत एकच गोष्ट मागितली होती : थाई स्वयंपाक शिकायचा, आणि तोही करीचं वाटण स्वतः दगडी खलात कुटून. डोंगर, देवळं, हत्ती यांतलं काही राहिलं तरी चालेल म्हणाली.

भाचीला कोळंबीची ॲलर्जी आहे. नवव्या वर्षी तिनं दोन घास खाल्ले आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ती रात्र रुग्णालयात गेली. पुढे तपासण्यांतून कळलं की कोळंबी, खेकडा, शेवंड असं सगळं कवचधारी तिला वर्ज्य आहे, मासे मात्र चालतात. कालवं-शिंपल्यांत तशाच जातीचं प्रथिन असतं म्हणून डॉक्टरांनी तेही बंद करायला सांगितलं. या प्रथिनाचं नाव ट्रोपोमायोसिन. ते उष्णतेनं मोडत नाही, त्यामुळे ‘नीट शिजवलंय ना, मग काय होतंय’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं कायम तिच्या पिशवीत असतात आणि ती कशी द्यायची हे आम्हां तिघांनाही येतं.

ताईचा क्लासला विरोध होता. ज्या देशात रस्त्यावरच्या प्रत्येक तिसऱ्या गाडीवर कोळंबी आहे तिथे स्वयंपाकघरात जायचंच कशाला, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीला आयुष्यभर स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभं ठेवता येणार नाही, आणि आपण चौघं सोबत असतानाच तिनं हे शिकावं, असं मला वाटत होतं. शेवटी ताई म्हणाली, “ठीक आहे, पण चौकशी सगळी तू करायचीस.” म्हणजे पुढे जे घडलं त्यातला बुकिंगचा भाग पूर्णपणे माझा आहे.

क्लासचं नाव आणि माणसांच्या ओळखीच्या खुणा मी इथे दिलेल्या नाहीत. ॲलर्जी असलेलं माणूस सोबत घेऊन प्रवास करणाऱ्यांना घटनाक्रम उपयोगी पडेल, म्हणून तो मात्र जसा घडला तसा देते आहे.

बुकिंग : पहिला निर्णय

चियांग माईत असे क्लास पुष्कळ आहेत आणि ढोबळमानानं त्यांचे तीन प्रकार दिसले. काही शहराबाहेर शेतावर भरतात. तिथे भाज्या स्वतः खुडायच्या असतात, पण शहरातून व्हॅननं पाऊण तास लागतो. मोठ्या रुग्णालयापासून इतकं लांब जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. काही क्लास खंदकानं वेढलेल्या जुन्या शहरात आहेत. तिथे एका वेळी दोन-तीन गट असतात, मोजून ठेवलेले मसाले ताटलीत समोर येतात आणि वाटण बहुधा तयार असतं. तिसरा प्रकार घरगुती : एक शिक्षिका, तिच्या घराचं मागचं अंगण, जास्तीत जास्त सहा जण, आणि सगळं वाटण तिथेच कुटायचं.

तयार वाटणात काय आहे हे कोण सांगणार, आणि इथे तर प्रत्येक जिन्नस डोळ्यांसमोर पडेल, या विचारानं मी घरगुती क्लास निवडला. माणशी १,२०० बाट, त्यात बाजाराची फेरीही आली. संपूर्ण वर्ग फक्त आमच्यासाठी हवा असेल तर चौघांचे मिळून ८,००० बाट होतील, असंही त्यांनी कळवलं होतं. मी ४,८०० वाला पर्याय घेतला. ३,२०० बाट वाचले. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

मेसेजमध्ये मी लिहिलं : आमच्यातल्या एकीला कोळंबीची ॲलर्जी आहे, तिच्या जेवणात कोळंबी नको. उत्तर लगेच आलं : काही अडचण नाही, तिच्या पदार्थांत कोळंबी घालणार नाही. भाचीनं यादीतून चार पदार्थ निवडले. हिरवी करी म्हणजे केंग ख्याव वान, कोळंबीशिवाय पाद थाई म्हणजे परतलेल्या शेवया, अळंब्यांचं तोम याम म्हणजे आंबट-तिखट सूप, आणि आंबा घातलेला चिकट भात. यादीत ‘तोम याम कुंग’ होतं ते आम्ही विचारपूर्वक टाळलं, कारण थाईत कुंग म्हणजे कोळंबी हे मी वाचून ठेवलं होतं. एवढा एक शब्द येत असल्याचा मला त्या वेळी फार भरवसा वाटत होता.

बाजारात समजलेली गोष्ट

सकाळी नऊ वाजता आम्ही जुन्या शहराच्या ईशान्य बाजूच्या सोमफेत बाजारात जमलो. आमच्याशिवाय आणखी एक जोडपं होतं. शिक्षिका चाळिशीची, हसरी, बोलायला मोकळी. एकेक जिन्नस हातात देऊन ती वास घ्यायला सांगत होती. गवती चहाची जाड खोडं, आल्यासारखं दिसणारं पण पाइनच्या झाडासारख्या वासाचं ‘खा’, खरबरीत सालीचं मकरुत लिंबू, मातीसकट आलेली कोथिंबिरीची मुळं. आपण पानं ठेवतो आणि मुळं टाकतो. थाई वाटणात मुळांनाच मान आहे.

मग ती एका टोपलीपाशी थांबली. तिथे जांभळट करड्या रंगाचे मऊ गोळे रचून ठेवले होते. तिनं बोटभर काढून पुढे धरलं आणि सांगितलं, हा कापि, याच्याशिवाय करीला चव नाही. भाची वास घ्यायला वाकली तेवढ्यात ताईनं तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

“अगं, हा जवळ्याचा वास आहे.”

मी शिक्षिकेला विचारलं, यात कोळंबी आहे का. ती म्हणाली, “माइ मी कुंग.” कुंग नाही. मग हे कशाचं बनतं? ‘खेय’चं, ती म्हणाली, आणि नखाच्या टोकावर आकार दाखवला : इतकुसं. समुद्रातून जाळीनं उपसतात, मीठ लावतात, उन्हात वाळवतात, कुटतात आणि मुरवतात.

तिथे मला समजलं की तिनं मेसेजमध्ये दिलेलं उत्तर अगदी खरं होतं. थाई भाषेत कुंग वेगळं आणि खेय वेगळं. मराठीतही कोळंबी वेगळी आणि जवळा वेगळा, कुणी “यात कोळंबी आहे का?” विचारलं तर सुकट घातलेल्या कालवणाबद्दल आपणही सहज “नाही” म्हणून जाऊ. शरीराला मात्र हा फरक कळत नाही. दोघांच्या कवचाखाली प्रथिन तेच. शिवाय कापि तिच्या लेखी मसाला होता. मिठाची चौकशी केली नाही तर मीठ घालणार असल्याचं कुणी कळवत नाही, तसंच हे.

मी पदार्थाबद्दल विचारलं होतं. वाटणात काय पडतं, हे विचारायला हवं होतं.

एक धागा सुटला की बाकीचेही सुटत जातात. मी तिथेच वही काढली आणि चारही पदार्थ तिच्यासोबत जिन्नस-जिन्नस करून तपासले. हिरव्या करीच्या वाटणात कापि. पाद थाईत वरून घालायची कोळंबी वगळली होती, पण परतताना पडणारी सुकी कोळंबी, ‘कुंग हेंग’, कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. अळंब्यांच्या तोम याममध्ये नाम फ्रिक फाओ हे भाजलेल्या मिरच्यांचं गडद लाल वाटण घालतात, आणि त्यात बहुतेकदा सुकी कोळंबी असते. निर्धास्तपणे खाण्यासारखा उरला तो फक्त आंबा-भात. थायलंडमध्ये पाकीटबंद मालावर ॲलर्जीकारक घटक छापावे लागतात, पण टोपलीतून सुटा विकल्या जाणाऱ्या गोळ्यावर कुठून काय छापलेलं असणार?

समोरचे पर्याय

बाजाराच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून आम्ही अर्धा तास बोललो. शिक्षिकेनं त्या जोडप्याला फळांच्या गाळ्यांकडे पाठवलं आणि ती आमच्यासोबत थांबली. तिनं टाळाटाळ केली नाही, घाई केली नाही, हे नमूद करायला हवं.

सरळ परत जावं, हा पहिला पर्याय ताईनं मांडला. पैसे बुडाले तर बुडाले. यात चूक काहीच नव्हती आणि आजही कुणी असा निर्णय घेतला तर मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही.

भाचीनं फक्त बघावं, खाऊ नये, असं भाऊजींनी सुचवलं. ते भाचीलाच मान्य नव्हतं. “बघायचंच असतं तर मी घरी व्हिडिओ बघितला असता, बाबा.”

शिक्षिकेचा स्वतःचा पहिला विचार होता ‘जे’ पद्धतीनं करण्याचा. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली खानावळ दिसली की तिथे प्राणिजन्य काहीच नसतं, नाम प्ला म्हणजे माशांचा खारट रससुद्धा नाही. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर कुठे कुठे नाम प्ला आणि कापि राहून जातात, ‘जे’ मात्र कडक असतं. पण त्या नियमात लसूण आणि कांदाही वर्ज्य, आणि हिरव्या करीच्या वाटणाचा अर्धा जीव लसूण आणि छोट्या कांद्यांत. भाचीला मासे चालतात, लसूण चालतो. तिला नको आहे ते एका कुळातलं, मग बाकी सगळं का सोडायचं?

कापि नुसता वगळावा हा पर्याय सोपा होता. पण शिक्षिका म्हणाली की मग करी पोकळ लागेल, मीठ वाढवून ती जागा भरत नाही. थोडा वेळ गप्प बसून ती एकदम उठली आणि दोन गाळे पलीकडून काळपट तपकिरी, पातळ, वाळलेल्या चकत्यांची चळत घेऊन आली. थुआ नाओ. सोयाबीन शिजवून, आंबवून, वाटून, चकत्या थापून उन्हात वाळवतात. उत्तर थायलंडच्या डोंगराळ भागात, विशेषतः ताई याई म्हणजे शान लोकांच्या स्वयंपाकात, समुद्र लांब असल्यामुळे कापिच्या जागी हेच वापरत आले आहेत. चकती विस्तवावर भाजायची, कुटायची आणि वाटणात घालायची. तिची आजी असंच करायची म्हणाली.

त्या क्षणी मला फार बरं वाटलं. अडचणीचं उत्तर त्याच मातीत होतं. बाहेरून आणलेली तडजोड ती नव्हती. भाचीच्या चेहऱ्यावरही ते दिसलं. आपल्यासाठी काहीतरी कमी केलेलं ताट मिळणं आणि तिथल्याच एका जुन्या पद्धतीचं ताट मिळणं यातला फरक, आयुष्यभर “तुझ्यासाठी त्यातलं काढून दिलंय” ऐकत आलेल्या मुलीला नीट कळतो.

काय केलं

आम्ही राहायचं ठरवलं, पण अटींवर. भाची हिरवी करी करणार, कापिऐवजी थुआ नाओ घालून. तोम याम आणि पाद थाई तिच्या यादीतून बाद. कालवांचा सॉस तिच्या शेगडीजवळ येणार नाही. नाम प्ला तत्त्वतः चालला असता, पण तिथली बाटली ज्या चमच्यानं वापरतात तोच कापिच्या भांड्यातही जातो हे शिक्षिकेनं स्वतःहून सांगितलं, म्हणून सी-ईव खाओ म्हणजे पातळ सोया सॉसची नवी बाटली घेतली.

भांड्यांचा प्रश्न त्याहून मोठा होता. शिक्षिकेच्या घरातल्या प्रत्येक खलात वर्षानुवर्षं कापि कुटलेला. पपईच्या कोशिंबिरीचा मातीचा खल आणि त्याचा लाकडी दांडा तर घासूनही निर्धोक होणार नाही, कारण लाकूड सगळं शोषून घेतं. ग्रॅनाइट घासता येतो, पण किती घासला म्हणजे पुरे हे कोण ठरवणार? भाऊजी काही न बोलता उठले आणि ३५० बाटना एक नवा ग्रॅनाइटचा खलबत्ता घेऊन आले. पातेलं, डाव, सुरी आणि पाट वाहत्या पाण्याखाली साबणानं नव्या स्पंजनं धुतले. तिची शेगडी ओळीतली सगळ्यात टोकाची घेतली. तिचं वाटण सगळ्यांत आधी कुटायचं आणि बाकीच्यांनी कापिचं भांडं त्यानंतर उघडायचं, असा क्रमही ठरला.

आज ही व्यवस्था कागदावर मांडून बघते तेव्हा जे जे हातात धरता येतं त्या सगळ्याचा विचार आम्ही केलेला दिसतो.

कुटणं सुरू झालं तेव्हा अकरा वाजले होते. आधी कोरडे मसाले : भाजलेले धने, जिरे, पांढरी मिरी. मग मीठ आणि हिरव्या मिरच्या, मग चिवट जिन्नस म्हणजे खा, गवती चहा, लिंबाची साल आणि कोथिंबिरीची मुळं, आणि पाण्याचा अंश जास्त असलेले लसूण नि कांदे शेवटी. कांदे आधी पडले तर सगळं उडतं आणि गवती चहाचे दोरे तसेच राहतात. भाचीनं पंचवीस मिनिटं कुटलं. शेवटी भाजलेल्या थुआ नाओची पूड पडली आणि त्या हिरव्या गोळ्याला एक खमंग, थोडा तीव्र वास आला. शिक्षिकेनं चिमूटभर चाखलं आणि काही न बोलता भाचीच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी घडलेलं

साडेअकराच्या सुमारास त्या जोडप्यानं तोम याम कुंग करायला घेतलं. हे त्यांच्या यादीत होतं, आम्हालाही माहीत होतं, आणि त्यांची शेगडी भाचीपासून तीन शेगड्या लांब होती. तोम यामच्या चांगल्या रश्शासाठी कोळंबीची डोकी आणि कवचं तेलात परतून मग पाणी ओततात. पाणी पडल्याबरोबर वाफेचा लोट उठला. अंगणाला वर पत्रा होता, दोन बाजूंना भिंती. वारा आमच्या दिशेनं होता.

कोळंबी शिजतानाच्या वाफेबरोबर तिचं प्रथिनही हवेत जातं आणि काही जणांना तेवढंही पुरतं. हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फाईलमध्ये लिहिलेलं होतं. बाजारात अर्धा तास खल आणि चमच्यांची चर्चा करताना ते मला आठवलं नाही.

तीन-चार मिनिटांत भाची म्हणाली, “मावशी, डोळे चुरचुरतायत.” आधी वाटलं मिरच्या. मग नाक वाहायला लागलं आणि मानेवर दोन गांधी दिसल्या. ताईनं तिला तडक बाहेरच्या ओसरीवर नेलं, मी पिशवी घेतली, भाऊजींनी घड्याळ पाहिलं : ११.४१. शिक्षिकेनं शेगड्या बंद केल्या आणि फोन हातात घेऊन आमच्यापाशी येऊन उभी राहिली. थायलंडमध्ये वैद्यकीय मदतीचा क्रमांक १६६९ आहे, तो तिनं लावण्याच्या तयारीत ठेवला होता.

सगळ्यात कठीण निर्णय हा होता : इंजेक्शन द्यायचं की थांबायचं. आमच्याकडे लिहिलेली पद्धत होती. आवाज बदलला, सतत खोकला आला, घशात आवळल्यासारखं झालं, श्वासाला आवाज आला, चक्कर आली किंवा उलटी झाली, यांतलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. तेव्हा यांतलं काही नव्हतं. ती नीट वाक्यं बोलत होती. आम्ही ॲलर्जीची गोळी दिली, इंजेक्शन टोपण काढायच्या बेतात हातात धरलं आणि दर दोन मिनिटांनी तिला मोठ्यानं बोलायला लावलं. गोळीनं खाज आणि गांधी कमी होतात, घसा सुजायला लागला तर ती थांबवू शकत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. म्हणून गोळी दिल्यावरही इंजेक्शन हातातच होतं.

तिसरी गांध उठली नाही. वीस मिनिटांनी नाक थांबलं, पाऊण तासात मान साफ झाली. त्या जोडप्यानं न सांगता आपला तोम याम झाकून घराच्या मागच्या बाजूला नेला होता.

भाचीला पुन्हा आत जायचं होतं. ताईनं आणि मी दोघींनी नाही म्हटलं, या दिवसातला बहुधा हा एकच निर्णय आम्ही एका क्षणात घेतला. तिचं वाटण शिक्षिकेनं केळीच्या पानात बांधून डब्यात भरून दिलं. आम्ही मोठ्या रुग्णालयाजवळच्या एका कॅफेत संध्याकाळपर्यंत बसलो, कारण काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते. रात्री ताई तिच्याच खोलीत झोपली. पुन्हा काही झालं नाही.

निष्पत्ती

रात्री आठला शिक्षिकेचा मेसेज आला. उद्या सकाळी सातला या, त्या वेळी घरात दुसरं काही शिजत नसेल. शेगडी पुढच्या अंगणात मांडते, मागे नको. पैसे नकोत.

आम्ही गेलो. ताईसुद्धा आली, आणि तिनं आधी स्वतः अंगणात फिरून वास घेतला. ताजा नारळ खवून काढलेलं घट्ट दूध भाचीनं मंद आचेवर ठेवलं आणि ते फुटून कडेला तेल दिसेपर्यंत ढवळत राहिली. याला तिकडे ‘तेक मान’ म्हणतात, तेल सुटणं. त्या सुटलेल्या तेलातच वाटण परतायचं असतं. पाकिटातल्या नारळाच्या दुधात स्थिर राहावं म्हणून घटक घातलेले असतात, ते बहुधा फुटतच नाही, म्हणून पाकिटावर केलेली करी रंगानं हिरवी दिसली तरी चवीला कच्ची राहते. वाटण तेलात पडलं, वास बदलला, मग पातळ दूध, टोफू, छोटी हिरवी वांगी, शेवटी तुळशीच्या कुळातली पानं. आठ वाजता आम्ही पाच जण भात आणि ती करी खात होतो.

पैसे आम्ही दिले, तिनं नको म्हटलं तरी. ५०० बाट. खलबत्ता सामानातून परत आला आणि वापरात आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट त्या ३,२०० बाटची. संपूर्ण वर्ग स्वतःसाठी घेतला असता तर तोम याम कुंगची शेगडी पेटलीच नसती. मी तेव्हा जागेचा आणि सोयीचा हिशेब केला. शेजारच्या शेगडीवर काय शिजणार याची किंमत त्यात धरली नव्हती. ॲलर्जी तीव्र असेल आणि ती वाफेनं होण्याची थोडीही शक्यता असेल तर अनोळखी लोकांसोबतचा क्लास मी आता घेणार नाही. एवढे पैसे हातात नसतील तर दुसऱ्या गटाला आधी कळवून त्यांच्या पदार्थांची यादी मागता येते. ते जोडपं ज्या समंजसपणे वागलं त्यावरून वाटतं, आधी विचारलं असतं तर त्यांनी दुसरं सूप निवडलं असतं.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. “कोळंबी नको” असं लिहिण्याऐवजी प्रत्येक पदार्थाच्या वाटणाची आणि सॉसची पूर्ण यादी मागायला हवी होती, आणि ती थाईत. अशी यादी मागितली की समोरच्याला आपल्या स्वयंपाकघराकडे परक्याच्या नजरेनं बघावं लागतं, आणि रोजच्या सवयीत दडलेला कापि तेव्हाच दिसतो. ज्या क्लासकडून यादी येणार नाही तिथे जाऊ नये.

तिसरीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. बाजारातून परत फिरलो असतो तर दुपारचं काहीच घडलं नसतं, हे ताईचं म्हणणं आहे आणि ते खोडून काढता येत नाही. भाची म्हणते की मग तिला थुआ नाओ कधी कळलाच नसता. मला वाटतं, थांबण्याचा निर्णय चुकीचा नव्हता, पण तो आम्ही चुकीच्या जागी घेतला. बाजारात बसून आम्ही न पाहिलेल्या स्वयंपाकघराबद्दल ठरवत होतो. आधी अंगण पाहिलं असतं, पत्रा आणि दोन भिंती पाहिल्या असत्या, तर वाफ कुठे जाणार हा प्रश्न आपोआप डोळ्यांसमोर आला असता.

परत आल्यावर डॉक्टरांना सगळं मिनिटांसकट सांगितलं. त्या लक्षणांत थांबणं त्यांना योग्य वाटलं. पण बसण्याची जागा त्यांना पटली नाही. ओसरीवर पाऊण तास बसण्याऐवजी पहिल्या दहा मिनिटांतच रुग्णालयाच्या दाराशी जायला हवं होतं, आत गेलं नाही तरी चालेल, म्हणाले. हे आम्हाला सुचलं नव्हतं.

भाचीच्या पिशवीत आता जुन्या कार्डाच्या जागी नवं कार्ड आहे. जुन्यावर थाईत एकच शब्द होता, कुंग. नवं कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी, करी उकळत असताना, शिक्षिकेनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. त्यावर कुंग आहे, खेय आहे, पू म्हणजे खेकडा आहे, कोळंबीसारखाच दिसणारा पण वेगळ्या नावाचा कांग आहे. खाली कापि, कुंग हेंग, नाम फ्रिक फाओ, कालवांचा सॉस. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित करून : हे पदार्थ शिजत असतील तर हिला बाहेर बसवा.